पदरवाला गाऊन, मुक्काम उधना

सुरतेहून आलेल्या बाईने साडी दाखवायची असते. मी आले ती गाऊनचं गाठोडं घेऊन, त्यामुळे आमच्या आळीत आधी माझं हसं झालं आणि मग दुकानापुढे रांग लागली. रांगेतली प्रत्येकजण गाऊन उलटा करून मानेमागची पट्टी वाचते आणि विचारते, "ही कोण हो?" प्रत्येकीला तीच हकिगत सांगून माझा घसा बसला आहे. तेव्हा एकदाच सगळी लिहून काढते.

आमचं चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान. सुरतेच्या खरेदीला दरवर्षी आमचे हे जातात. या श्रावणात त्यांची कंबर धरली, वाकता येईना की बसता येईना. धाकटे भावजी म्हणाले, पत्र टाकून माल मागवू. मी म्हटलं, मी जाते. मग सासूबाईंनी वाटेत खायला पोहे भाजायला घेतले, म्हणजे परवानगी मिळाली.

पण मला जायचं होतं ते साड्यांसाठी नाही. आमच्या गिऱ्हाइकांत एक पाटीलबाई आहेत, जळगावकडच्या, यजमानांची बदली होऊन इकडे आलेल्या. एकदा त्या दुकानात आल्या त्या गाऊनमध्येच. गाऊन आम्हाला नवा नाही, पण आमच्याकडे गाऊनवर टॉवेल लागतो. सासऱ्यांची चाहूल लागली की खुंटीवरचा टॉवेल खांद्यावर ओढायचा आणि अंगणातून पळत सुटायचं. लग्नाला बावीस वर्षं झाली, मी अजून पळते आहे. पाटीलबाईंच्या गाऊनला मात्र स्वतःचा पदर होता. मानेमागे लेबल असतं ना, बरोबर तिथूनच त्याच कापडाचा पदर निघत होता. एरवी तो दुमडून डाव्या खांद्यावर बटणात अडकवायचा. कुणी मोठं माणूस आलं की बटण काढलं, पदर डोक्यावर. मी तर बघतच राहिले. मानेमागच्या पट्टीवर लाल दोऱ्यात लिहिलं होतं, 'उषा, उधना'. पुढच्या आठवड्यात त्या दुसऱ्या गाऊनमध्ये आल्या, त्यावर 'कमल, उधना'. दुकानदाराच्या बायकोला झोप कशी येणार?

पाटीलबाई म्हणाल्या, सुरतेला उधना म्हणून गिरण्या-लूमचा भाग आहे, तिथे आमच्या खानदेशच्या बायका हे शिवतात. गल्ली सांगितली. वर म्हणाल्या, "नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या कानबाईदेवीचा सण असतो. तेव्हाच जा, सगळ्या घरी सापडतील."

शनिवार, आधी बाजार

गाडीतल्या रात्रीबद्दल काही सांगण्यासारखं नाही. सुरत स्टेशनाबाहेर पडले आणि पहिल्यांदा खाली बघितलं. प्लेगची साथ येऊन गेली त्या वर्षी आमच्याकडे सुरतेचं नाव काढलं तरी लोक नाकाला पदर लावायचे. आता रस्ते असे झाडलेले की हातातली केळ्याची साल टाकायला मला लाज वाटली. ती मी पर्समध्ये ठेवली आणि विसरले. पुढे दोन दिवस पर्सला केळ्याचा वास येत होता.

रिंग रोडच्या बाजारात आमच्या ह्यांच्या ओळखीचे शेठ आहेत. पांढऱ्या गादीवर बसवलं, "बेन, पहेला बेसो" म्हणाले, आणि गार कोको मागवला. कोको म्हणजे दाट चॉकलेटचं दूध. मी तीन ग्लास प्याले, खोटं कशाला बोलू? मग साड्यांचा मारा सुरू झाला. एकजण वरून फेकतो, दुसरा खाली झेलून उलगडतो, आणि आपण मान हलवायची. अर्ध्या तासात माझ्याभोवती जॉर्जेटचा ढीग. त्यात माझी एक चप्पल हरवली. शेठ, झेलणारा आणि मी, तिघं मिळून शोधत होतो.

जेवण शेठच्या घरून आलं. आमटी गोड, भाजी गोड, कोशिंबीर गोड. आम्ही कोकणात गूळ घालतो तो चिमूटभर. इथे त्यात मीठ चिमूटभर घालत असावेत. पण शेवटी आला तो खाजा, खास पावसाळ्यात मिळणारा, मिरीचा तिखटसर, त्यावर लिंबू पिळायचं. त्यासाठी मी आमटीला माफ केलं.

शेठना गाऊनबद्दल विचारलं तर ते हसले. सुरतेत राहून ह्या बायका सुती कापड वापरतात, म्हणाले, अहमदाबादेहून मागवतात. पॉलिस्टरच्या गावात ही कसली अक्कल. माझी उत्सुकता मात्र वाढली.

शनिवार दुपार, उधना

रिक्षावाल्याने विचारलं, "क्यां जवानुं?" मी ह्यांच्याकडून पाठ करून आणलेल्या गुजरातीत उत्तर दिलं. तो गुजरातीत बोलत राहिला, मी हिंदीत घुसले, दोघंही घामाघूम. शेवटी माझ्या चपलेचा अंगठा तुटला आणि मी म्हटलं, "या मेल्या चपलेनं आज दावाच साधलाय." तो मागे वळून म्हणाला, "मावशी, मराठी बोला की मग." नंदुरबारचा निघाला. बाकीच्या वाटेत त्याने मला त्याच्या तिन्ही मेव्हण्यांची माहिती दिली.

उधना आधी ऐकू येतं. गल्लीच्या तोंडापासून लूमचा खडखडाट सुरू होतो, तो दोन भिंतींपलीकडे असला तरी पायाखालच्या फरशीत जाणवतो. तिथली माणसं नेहमीच्या बोलण्यातही ओरडून बोलतात. मला आधी वाटलं भांडणं चालली आहेत.

उषाच्या घरासमोर सगळा संसार रस्त्यावर होता. कानबाई बसायची म्हणून घराला चुना चालला होता. शिवणाच्या दोन मशिनी, भांडी, खाट, खाटेवर गाऊनचा ढीग, सगळं गल्लीत. उषा पस्तिशीची, काटकुळी, तोंडात टाचण्या धरून बोलते आणि एकही पडू देत नाही. पाटीलबाईंचं नाव सांगताच तिने मला हाताला धरून आत नेलं. मी आपली दमलेली, समोर दिसली त्या भिंतीला ऐसपैस पाठ टेकली.

चुना ओला होता.

माझ्या निळ्या साडीच्या पाठीवर अख्खी भिंत उमटली. उषा तोंडावर हात धरून हसत होती आणि टाचण्या तरीही पडत नव्हत्या. कोपऱ्यात एक सत्तरीची बाई काजं करत बसली होती, नऊवारी लुगडं, कपाळावर हिरवं गोंदण. ती शांतपणे म्हणाली, "बठ वं माय, बठ." मग ढिगातून एक गाऊन काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. माझा घेर तिने एका नजरेत मोजला होता. ही उषाची सासू. सगळी गल्ली तिला मोठी माय म्हणते.

तो गाऊन मी घातला आणि पुढचे दोन दिवस काढलाच नाही म्हटलं तरी चालेल. काखेत ओढ नाही, पोटावर ताण नाही, टाके इतके बारीक की बोट फिरवलं तरी लागत नाहीत. संध्याकाळी उषाचे यजमान पाळीवरून आले तेव्हा मी बटण काढून पदर डोक्यावर घेतला, आणि पळाले नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा मी गाऊनमध्ये एका जागी उभी राहिले.

उषाने चहा करता करता सगळं सांगितलं. गल्लीतल्या बायका घरबसल्या साड्यांना लेस लावतात. वर पत्रा, आत साडी, उन्हाळ्यात अंगाची काहिली. सगळ्यांना गाऊन हवा होता, पण घरोघरी सासू. मोठी माय म्हणाली, गाऊन घाल, मला काही नाही, पण पदर कुठे आहे? उषा म्हणाली, "मग मी तो शिवूनच टाकला, ताई. बराबर ना?" पॉलिस्टर पत्र्याखाली अंगाला चिकटतं, म्हणून सुती. हळूहळू चौघी शिवायला लागल्या, आणि आता गल्लीतल्या प्रत्येकीकडे दोन-दोन झाले.

"आणि ही नावं?"

"आम्हाला इथे नावानं कोण बोलावतं, ताई? मी भारतीची माय. कमल आहे ना, ती दिनेशची माय. लग्नात मिळालेलं नाव रेशन कार्डावर. मी कार्डावर संगीता आहे. पण शिवण मी आईपाशी शिकले. मग शिवणावर नाव माहेरचं. उषा."

मी हातातली बशी खाली ठेवली. आमच्याकडेही नवरा ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहितो. माझं माधवी लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्या तांदळाचा भात झाला आणि शकुंतला कुठे गेली ते मी कधी विचारलं नव्हतं. हे मला एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. म्हणून मी लगेच धंद्याचं बोलायला लागले.

पन्नास गाऊन नेते, म्हटलं, आवडले तर दिवाळीला आणखी. दुकानाकडून आलेली ही त्यांची पहिलीच मागणी. उषाच्या तोंडातून एक टाचणी पडली. मी दारासमोरच्या खाटेवर बसून माल निवडायला लागले. शिवण ताणून बघायची, काज तपासायचं, पसंत तो डावीकडे. पन्नास झाले तेव्हा पट्ट्या वाचायला घेतल्या. उषा, कमल, उषा, वच्छला, आणि मग कोरी. पुन्हा कोरी. अठ्ठावीस गाऊनवर पांढरी पट्टी होती आणि पट्टीवर काहीच नव्हतं. हात मागे नेऊन मी माझ्या अंगावरच्या गाऊनची पट्टी चाचपली. तीही कोरी.

"हे कुणाचे?"

उषाने डोळ्यांनी कोपऱ्याकडे खूण केली. "मोठी माय नाव लावत नाही," ती हळूच म्हणाली, आणि चहाची भांडी आवरायला लागली.

आता मी जे बोलले ते मला आजही आठवतं आणि कानाच्या पाळ्या गरम होतात. मी ठसक्यात म्हटलं, कोऱ्या पट्टीचा माल गिऱ्हाईक दुय्यम समजतं. आमच्याकडच्या बायका नाव वाचायला येणार आहेत. नाव लावा, नाहीतर बावीसच नेते. कोपऱ्यातून लगेच आवाज आला, "बावीसच दे तिले." आणि मोठ्या मायनं हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला, सुई उशीत खोचली आणि उठून बाहेरच्या मशीनवर कापड टाकलं.

रात्रीच्या जेवणाला शेवभाजी होती. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, दुसऱ्याला नाकातून. दुपारची गोड आमटी मला आईसारखी आठवली. पण भाकरीबरोबर ती अशी लागत होती की हात थांबेना, मी रडत रडत दोन भाकऱ्या खाल्ल्या. हात धुताना उषा म्हणाली, "ताई, माय म्हणते, तिचे गाऊन परत आले तर ती मशीनला पुन्हा हात लावणार नाही. अशी कुठली नामुष्की नको म्हणते. आणि तिच्याविना आमचं काही खरं नाही. आम्ही सगळ्या तिचंच बघून शिवतो."

तरी मी हट्टाने म्हटलं, एक नाव लिहायला असं काय लागतं?

रविवार, कानबाई

सकाळी डोळे उघडले तर घर ओळखू येईना. चुन्याने लख्ख भिंती, केळीचे खांब, चौरंगावर कानबाई. म्हणजे नारळच, पण त्याला डोळे, नथ, कुंकू, डोक्यावर साडी अशी चापून-चोपून नेसवलेली की बघितल्यावर हात आपोआप जुळले. आमच्या गौरींशी नातं सांगणारी, पण जास्त रुबाबाची. भिंतीवर एकच फोटो परत टांगला होता. नऊवारीतली एक म्हातारी, खाली रंगवलेल्या अक्षरांत 'कै. जमनाबाई', आणि ताजा हार. उषाच्या यजमानांची आजी, असं कळलं.

अंगणात उलट्या खापरावर पुरणाचे मांडे चालले होते. उषा पोळी दोन्ही हातांच्या कोपरापर्यंत झेलत मोठी करते, अगदी रुमालाएवढी, आणि खापरावर फेकते. मी म्हटलं, मीही करते. माझा मांडा कोपरापाशी फाटला आणि सगळं पुरण बाहीत गेलं. मोठी माय पहिल्यांदा हसली. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

मिटलं नव्हतं. दुपारी मला पोटभर मांडे, गिलक्याची म्हणजे घोसाळ्याची भाजी, गंगाफळाची म्हणजे तांबड्या भोपळ्याची भाजी वाढून झाली आणि मग उषा संकोचून म्हणाली, "ताई, आता आम्ही कानबाईच्या प्रसादाचा रोट खाणार. तो भाऊबंदांतच खातात, बाहेरच्यांना देता येत नाही. तुम्ही जरा बाहेर खाटेवर बसाल?" आमच्याकडेही काही नैवेद्य घरच्यांपुरते असतात, मी समजू शकते. पण खरं सांगते, दार लोटलं गेलं तेव्हा थोडं वाईट वाटलं. आत ओळखीच्या आवाजात हसणं चाललं होतं आणि मी गल्लीत, कोऱ्या पट्ट्यांच्या अठ्ठावीस गाऊनशेजारी.

रिकामं बसणं मला जमत नाही. खाटेवर सुईची उशी होती, लाल दोरा होता. मोठ्या मायचं नाव सकाळीच एका पाहुण्याने घेतलं होतं, सुभद्राकाकू. मी विचार केला, बिचारीला लिहिता येत नसेल आणि सांगायला लाजत असेल. आपण करून द्यावं. मी वरचा गाऊन घेतला आणि साखळी टाक्यात सुबक भरलं, 'सुभद्रा, उधना'. इतकी खूश झाले स्वतःवर की दार उघडताच तो गाऊन पुढे धरला.

उषाचा चेहरा उतरला. मोठ्या मायनं अक्षरांवरून बोट फिरवलं. वाचता येत नसलं तरी तिला काय लिहिलंय ते कळलं. ती म्हणाली, "कानबाईना दिन सुई धरतस नई, माय." मग थोडं थांबून, "सकाय उसवसू." म्हणजे उद्या उसवीन. आवाज चढला नाही की काही नाही. आत गेली आणि देवीपुढे बसली.

मी जीभ चावली, पण टाके तर घातले गेले होते. उषाने मला खाटेवर बसवून समजावलं तेव्हा मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. सुभद्रा हे सासरचं नाव. माहेरचं नाव दुसरंच. पण मोठी माय नवरी होऊन आली तेव्हा तिचं आणि तिच्या सासूचं नाव एकच निघालं. एका घरात सासू-सुनेचं एक नाव कसं चालणार? शिवाय सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. मग स्वतःचंही घेता येईना. मांडवातच तिचं नाव बदललं आणि त्या दिवसापासून जुनं नाव कुणी उच्चारलेलं नाही. तिने तर नाहीच.

"सासू जाऊन वीस वर्षं झाली, ताई. पण माय म्हणते, ते नाव कपड्यावर कसं लिहू? कपडा पिळतात, आपटतात, बसतात त्यावर. आणि दुसरं नाव लिहिणार नाही, कारण शिवण त्या दुसऱ्या नावाच्या बाईनं शिकलेलं नाही. म्हणून कोरी."

"मग ते नाव काय?"

उषाने माझ्याकडे बघितलं. "आजेसासूचं नाव मी कसं घेऊ?"

मी भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. रात्री जागरण होतं, गाणी होती, पण मी उशीत तोंड खुपसून पडले होते. ते अठ्ठावीस गाऊन कोरेच न्यायचे, ज्या गिऱ्हाइकाला नको त्याने नको, असं मी ठरवलं. ठरवून झालं तरी झोप येईना, कारण तिच्या पट्टीवर माझ्या हातचे टाके तसेच होते.

सोमवार, तापी

सकाळी कानबाई निघाली. चौरंग मोठ्या मायच्या डोक्यावर, पुढे बँड, मागे अख्खी गल्ली, गल्लीला पुढची गल्ली मिळत गेली. बायका फुगड्या घालत चालल्या होत्या. माझ्या साडीवरची भिंत उषाने धुऊन काढली होती, त्यामुळे मी चारचौघींत उभी राहण्यासारखी होते. कमलने मला फुगडीत ओढलं, दुरुस्त केलेला चपलेचा अंगठा पुन्हा तुटला, बाकीची मिरवणूक मी एका पायात चप्पल घालून केली. पुढे टेम्पोतून नदीवर गेलो.

तापी माझ्या कल्पनेपेक्षा खूपच रुंद. चिपळूणला आमची वाशिष्ठी आहे, पण ही सावकाश, मातकट, चालून आलेली नदी. उषा म्हणाली, "आमच्या गावावरून येते ही. माय म्हणते, आपण रेल्वेनं आलो, ही पायी आली." मोठी माय गुडघाभर पाण्यात उभी राहिली, नारळ पाण्यात बुडवून काढला, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं. किती तरी वेळ ती वरच्या अंगाला बघत होती, जिकडून पाणी येतं तिकडे.

घरी आलो. माझी परतीची गाडी संध्याकाळची होती. मी उषाला म्हटलं, पन्नासच्या पन्नास बांध, कोरे तसेच दे, माझी चूक झाली. मोठी माय तोवर मशीनपाशी बसली होती. तिने कालचा गाऊन मांडीवर घेतला, ब्लेड काढलं आणि माझी 'सुभद्रा' एकेक टाका करून उसवली. लाल दोरे वेचून तिने नीट बाजूला ठेवले. मला वाटलं, आता गाऊन बाजूला जाईल. पण तिने तो माझ्यासमोर धरला, पट्टी वर करून, आणि कानामागची पेन्सिल काढून मला दिली. दुसऱ्या हाताने तिने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

"ते लिखी दे."

मी बघतच राहिले. उषाही. सुईत दोरा ओवल्याच्या सहजतेने मोठ्या मायनं गाऊनचा पदर उचलला, पट्टीवर पालथा घातला आणि दाखवलं. पट्टी पूर्ण झाकली गेली. "पदरखाले राही," ती म्हणाली. "चालस." रात्रभर देवीपुढे बसून तिने हे काढलं होतं. नाव कपड्यावर येणार, पण उघडं नाही. डोक्यावर पदर घेतलेल्या बाईसारखं राहणार. मग पुढे म्हणाली ते उषाने मला मराठीत सांगितलं. घरातल्या कुणाला ते नाव लिहिता येणार नाही, घेता येणार नाही. तू बाहेरची आहेस. तुला रोट चालत नाही, हे चालतं.

काल त्या दाराबाहेर बसून मी फुगले होते. आता पेन्सिल माझ्याच हातात होती. मी पेन्सिलीने मोठ्या सुट्या अक्षरांत लिहिलं. तिने गिरवल्यासारखं लाल दोऱ्याने भरलं, माझ्या 'सुभद्रा'चे उसवलेलेच दोरे. एक झालं. अठ्ठावीस पट्ट्यांवर मी लिहीत गेले, कमल आणि वच्छलाही आल्या, पण त्या अक्षरांना मोठ्या मायनं दुसऱ्या कुणाला सुई लावू दिली नाही. माझी संध्याकाळची गाडी गेली. दुसऱ्या दिवशीच्या गाडीने आले. कोपऱ्यावरच्या बूथवरून घरी फोन करून सांगितलं तर हे म्हणाले, कंबर बरी आहे, रहा.

त्यातला पहिला गाऊन मी माझ्यासाठी ठेवला आहे, तो विकायचा नाही. पट्टी वाचू देते, पण पदर उचलून वाचायची आणि परत नीट झाकायची, हा नियम.

निघताना एवढंच झालं. रिक्षा दारात होती, गाठोडं आत चढलं होतं. मी वाकून नमस्कार केला. मोठ्या मायनं मला दंडाला धरून घराच्या आत नेलं आणि उषाकडे बघितलं. उषा हसली, म्हणाली, "मी नळावर जाते," आणि हंडा घेऊन गेली, रिकामा नव्हता तरी. मोठ्या मायनं पदर कपाळावर पुढे ओढला, फोटोला हात जोडले आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"आते एक डाव म्हन," ती म्हणाली.

एकदा म्हण. काय म्हणायचं ते मला कळलं. एवढ्या मोठ्या बाईला एकेरी हाक मारायची म्हणजे माझी जीभ रेटेना. पलीकडे लूम खडखडत होते. मी फोटोकडे बघितलं नाही, तिच्याकडे बघितलं आणि आई हाक मारते तशी मारली.

"जमना."

तिचे ओठ हलले, बंद झाले. मग आतून कुठून तरी, अगदी पातळ आवाजात ती म्हणाली, "ओ."

मी डोळे पुसायला पदर शोधत होते. तिने माझा हात धरून खाली केला.

"आखो एक डाव," ती म्हणाली. आणखी एकदा.